कर्ज लिहिणाऱ्याचा पगार

खेड्यात पीककर्जाचा कागद लिहितो तो विकास सोसायटीचा गटसचिव. शहरात तसलाच कागद राष्ट्रीयीकृत बँकेतला लिपिक कॉम्प्युटरवर चढवतो. काम एकाच जातीचं, पगारात मात्र तिपटीचा फरक. या फरकाबद्दल आपल्याकडे हळहळून बोललं जातं, पण त्यातला खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. पगार किती यापेक्षा तो कशातून निघतो, यावर कर्जाच्या वहीचा खरेपणा ठरतो.

हे सांगण्यासाठी मी एका घरातली दोन माणसं समोरासमोर बसवली आहेत. काका मराठवाड्यातल्या तीन गावांच्या सोसायट्या सांभाळणारे गटसचिव. पुतणी पुण्यात बँकेच्या कर्ज विभागात लिपिक. दोघंही कल्पित आहेत आणि दोघांच्या घरखर्चाचे आकडे उदाहरणादाखल आहेत. बाजू मात्र मी कित्येकांच्या तोंडून ऐकलेल्या आहेत, आणि त्यातली एकही मला हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही.

काका : हातात किती पडतात गं तुझ्या आता?

पुतणी : आमच्यात लपवण्यासारखं काही नाही काका, पगार छापील असतो. मार्च 2024 मध्ये बारावा द्विपक्षीय करार झाला. लिपिकाचं मूळ वेतन 24,050 पासून सुरू होतं, 64,480 ला थांबतं. माझ्या सहा वेतनवाढी झाल्यात, म्हणजे 33,020. वर विशेष भत्ता, महागाई भत्ता, घरभाडं. एनपीएस आणि बाकीची कपात जाऊन 48 हजारांच्या आसपास.

काका : म्हणजे माझे साडेतीन महिने.

पुतणी : तुम्हाला 14 हजार ना?

काका : कागदावर 14. हातात येतात तेव्हा सहा महिन्यांचे एकदम येतात, नाहीतर येतच नाहीत. गेल्या वर्षीच्या पगारातले अजून चार महिने यायचेत. आणि ते एका सोसायटीचे नव्हेत बरं, तिन्ही सोसायट्या मिळून.

पुतणी : माझे 48 ऐकायला मोठे वाटतात. धायरीला एक खोली-किचनच्या फ्लॅटला 15 हजार भाडं. मुलाची शाळा आणि व्हॅन मिळून आठ. आई-बाबांना पाच पाठवते. यांची नोकरी कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी जीव टांगणीला. किराणा, दूध, गॅस, लाइटबिल, जाण्यायेण्याचं पेट्रोल. महिना संपता संपता मी क्रेडिट कार्डावर जाते. दिवसभर लोकांना सांगते की हप्ता चुकवू नका, सिबिल बिघडेल, आणि घरी येऊन स्वतःच्या कार्डाची तारीख बघते.

काका : पण तारीख बघता येते ना तुला? पगार कोणत्या दिवशी येणार हे तुला ठाऊक असतं. मी किराणा दुकानदाराला काय सांगू? "वसूल झाला की देतो." तो हसत नाही, चांगला माणूस आहे. पण माझ्या खात्याला त्याने वेगळी वही केलीय.

पुतणी : ही गोष्ट खरी आहे. आमचा महागाई भत्तासुद्धा दर तीन महिन्यांनी निर्देशांकाप्रमाणे हलतो. तेल महागलं तर थोडे पैसे उशिरा का होईना, पगारात दिसतात.

काका : मला 11 चे 14 करायला पंचांच्या किती मीटिंगा झाल्या! तेवढ्यात पेट्रोल शंभरीपार गेलं. तीन गावं मोटारसायकलवर करायची, त्याचा भत्ता शून्य. एकाच दिवशी एका गावात मागणी अर्ज, दुसऱ्यात इन्स्पेक्टरची तपासणी, तिसऱ्यात कोणी वारलं म्हणून वारसाचे कागद.

काकांची पिशवी मी इथे उघडून दाखवतो, कारण कामाचा पसारा तिच्यात दिसतो. रोजकीर्द आणि खतावणी. क.म. पत्रकाच्या झेरॉक्सा, म्हणजे कोणत्या सभासदाला किती एकरांवर कोणत्या पिकासाठी किती कर्ज मिळू शकतं त्याची यादी. सातबारे, आठ-अ, इ-करारांची चळत. रसीद तिकिटांचं पान, शाईचा पॅड, अंगठ्याची निळी शाई पुसायची चिंधी. यात 2022 नंतर कॉम्प्युटरची भर पडली. देशातल्या 63 हजार प्राथमिक सोसायट्या संगणकावर आणण्याची केंद्राची योजना आली. त्यातल्या सुमारे 12 हजार महाराष्ट्रातल्या. योजना चांगलीच आहे. पण जुनी नोंद संगणकात भरायची, नवीन नोंद वहीत आणि संगणकात दोन्हीकडे करायची, आणि आकडा जुळला नाही तर रात्री बसून शोधायचा, हे सगळं त्याच 14 हजारांत.

पुतणी : तुम्ही घर बांधायला कर्ज मागितलं होतं ना तालुक्याला? काय झालं त्याचं?

काका : पगाराची स्लिप मागितली. मी सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून नेलं. साहेब म्हणाले, सही कोणाची? म्हटलं, चेअरमनची. आणि लिहिलंय कोणी? मीच. पुढे म्हणाले, खात्यावर दर महिन्याला जमा दाखवा. ती कुठून दाखवू?

पुतणी : त्या टेबलावर मी असते तरी हेच विचारलं असतं. हप्ता पगाराच्या किती टक्क्यांत बसतो ते बघायचं, तर पगार आधी दिसायला हवा. आम्हाला स्टाफ लोन कमी व्याजाने मिळतं. त्या सवलतीवरसुद्धा प्राप्तिकर लागतो, मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं, तेव्हा आमच्याकडे केवढी नाराजी होती. तुमच्यासमोर ती नाराजी बोलून दाखवायलाही संकोच वाटतो.

काका : संकोच कशाला? तुझं तू भांडून मिळवलंस.

पुतणी : मी नाही हो, माझ्या आधीच्यांनी. 1953 चा शास्त्री निवाडा, 1962 चा देसाई निवाडा, मग 1966 पासून संघटना आणि बँका समोरासमोर बसून करार करायला लागल्या. माझी शाखा तोट्यात असो की नफ्यात, गडचिरोलीच्या लिपिकाला आणि मुंबईच्या लिपिकाला मूळ वेतन तेच. माझं म्हणणं एवढंच आहे काका, की तुमचा पगारही असाच बाहेरून ठरला पाहिजे. सोसायटीच्या वसुलीला तो बांधलाय, हेच मुळात चूक आहे.

काका : इथे माझं तुझ्याशी जमत नाही. आमच्या संघटनेचीही हीच मागणी आहे, सरकारी तिजोरीतून पगार द्या. मोर्चाला मी जातो, घोषणाही देतो. पण मनातून पटत नाही. सोसायटी सभासदांची आहे. तिचं दोन पैशांचं उत्पन्न व्हायचं आणि त्यातून सेक्रेटरीचा पगार निघायचा. त्यामुळे मी गावाला बांधलेला राहतो. तिजोरीतून पगार आला की मी गावाचा राहीन का?

मराठी वाचकाला काकांचा हा मुद्दा पहिल्या वाचनात भाबडा वाटेल. माझा तसा अनुभव नाही. ज्याला कमी मिळतं तोच माणूस कधीकधी त्या व्यवस्थेतली चांगली बाजू सगळ्यात नीट जाणतो, कारण तो रोज तिच्यात वावरतो. म्हणून काकांना पुरतं बोलू देऊ.

काका : तलाठ्याचं बघ. आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्याची वेतनश्रेणी 25,500 पासून सुरू होते. पगार एक तारखेला. पण गावात कधी येणार ते त्यालाच ठाऊक. माझ्याकडे माणसं रात्री दहाला येतात. गेल्या साली एकाने औषध घेतलं. बायकोला ठाऊकच नव्हतं की नवऱ्याच्या नावावर किती आहे. थकबाकीत असलेलं खातं, नवीन कर्ज मिळेना, जमीन त्याच्या नावावर. मी वारसाची नोंद लावायला तिच्यासोबत तीनदा तालुक्याला गेलो. खातं तिच्या नावावर आणलं, पुढच्या खरिपाला तिला बियाण्यापुरतं मिळालं. हे करायला मला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्या गावचा आहे म्हणून केलं. तुझ्या कॉम्प्युटरला ती बाई कशी दिसेल?

पुतणी : दोन हंगाम थकलं की खातं एनपीए, एवढंच दिसेल. लांब मुदतीचं पीक असेल तर एकाच हंगामात. मी हे नाकारत नाही. पण तुम्ही त्या बाईसाठी गेलात ते तुमचा स्वभाव म्हणून. पगार वसुलीला बांधला होता म्हणून नव्हे. उलट वसुलीचाच विचार केला असता तर तिला टाळलं असतं.

काका : तसं नाही. तिला मी उभं केलं म्हणून पुढे ती फेडणार. फेडलं की सोसायटीला गाळा मिळणार. माझं आणि तिचं भलं एका दोरीत आहे.

पुतणी : तुमचा गाळाच मांडून बघू या? समजा बँक सोसायटीला चार टक्क्यांनी पैसे देते, सोसायटी सभासदाला सहाने. दोन टक्के गाळा. तुमच्या तिन्ही सोसायट्यांचं येणं किती?

काका : मिळून दीड कोट धर.

पुतणी : शंभर टक्के वसूल झाला तर व्याज नऊ लाख. त्यातले सहा लाख बँकेचे. उरले तीन लाख. ऑडिट फी, स्टेशनरी, लाइटबिल, मदतनिसाचे पैसे, वार्षिक सभा, यात एक लाख जातो. दोन लाख उरले. तुमचा वर्षाचा पगार एक लाख 68 हजार. जे 32 हजार राहिले त्यातला चौथा हिस्सा कायद्याने राखीव निधीत. बसलं. आता वसुली 60 टक्के धरा.

काका : मग गाळा एक लाख 80.

पुतणी : नाही ना काका. तिथेच सगळे फसतात. सभासदांकडून 60 टक्क्यांवरचं व्याज आलं, पाच लाख 40 हजार. बँकेला मात्र पूर्ण दीड कोटीवर व्याज लागतं, सहा लाख. म्हणजे 60 हजारांनी तुम्ही खड्ड्यात, आणि अजून ऑडिट फीसुद्धा भरलेली नाही. चार आणि सहाचा हिशेब असेल तर वसुली दोन-तृतीयांशाच्या खाली गेली की गाळा नावाचं काही उरतच नाही. थकलेलं व्याज पुढेमागे येईलही, पण तुमच्या घरी भाजी आज लागते.

काका : (थोड्या वेळाने) म्हणूनच तफावत येते.

काका म्हणतात ती अनिष्ट तफावत. सोसायटीला सभासदांकडून जेवढं येणं आहे त्यापेक्षा बँकेला देणं जास्त झालं की ती तयार होते. एकदा आली की वर्षावर्षाला फुगत जाते, आणि ती फेडणारं नेमकं कोणी नसतं, कारण सभासद म्हणतो मी माझं भरलंय आणि बँक म्हणते आमचे पैसे सोसायटीकडे आहेत. अशा सोसायटीला नवीन कर्ज देताना बँक हात आखडता घेते. मग जो वेळेवर फेडत होता तोही दुसरीकडे जातो. पुतणीच्या आकडेमोडीत ही सगळी साखळी आहे, आणि सचिवाचा पगार तिच्या अगदी शेवटच्या कडीला लोंबतो.

पुतणी : आणि वसुली कशावर ठरते? तुमच्या मेहनतीवर?

काका : थोडी माझ्यावर. बाकी पावसावर, भावावर. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव 4,892 होता, आमच्या अडतीत चार हजाराच्या आसपास घातलं लोकांनी. आणि त्याच वर्षी विधानसभेच्या निवडणुकीत कर्जमाफीचं आश्वासन आलं. त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना लोकांचा सूर बदलला. "थांबा भाऊ, माफ होणार आहे." मी काय करू? त्यांचं चुकतंय असंही म्हणता येत नाही. 2008 ला झाली, 2017 ला दीड लाखापर्यंतची झाली, 2019 च्या डिसेंबरला दोन लाखांपर्यंतची आली. जो थांबला त्याचं माफ झालं. जो भरत गेला त्याला 50 हजारांचं प्रोत्साहन, तेही नंतर.

पुतणी : त्या माफीच्या याद्या कोणी केल्या?

काका : आम्हीच. आधार, खातं, नाव, हे सगळं जुळवत रात्ररात्र बसलो. एका अक्षराचा फरक पडला तर माणूस यादीतून बाहेर, आणि शिव्या मला. त्या कामाचे पैसे? ते कोणाच्या डोक्यातही आले नाहीत.

पुतणी : मग सांगा. पाऊस तुमच्या हातात नाही, सोयाबीनचा भाव नाही, कर्जमाफीचा निर्णय तर मुळीच नाही. आणि पगार या तिन्हींवर. यात गावाशी बांधिलकी कुठे आली?

काका : भरणाऱ्याला शून्य टक्क्याने पडतं ना आता. तीन लाखांपर्यंत. ते बरंच चांगलं झालं. केंद्राची सवलत, वर आपली पंजाबराव देशमुख योजना. मुदतीत फेडलं की व्याज सरकारचं.

पुतणी : शेतकऱ्याला चांगलं झालं, मान्य. पण मग तुमचा गाळा सरकारच्या परताव्यातून आला, आणि तो परतावा वेळेवर येत नाही असं तुम्हीच दर दिवाळीला सांगता. म्हणजे तुमचा पगार आत्ताच अर्धा तिजोरीवर आहे. फक्त हक्काने नाही.

काका गप्प बसले नाहीत. गटसचिव गप्प बसणारा असता तर वसुलीच करू शकला नसता.

काका : बरं. तुझ्याही बँकेत नफ्यावर बक्षीस आहे की. तूच मागे सांगत होतीस.

पुतणी : आहे. 2020 च्या अकराव्या करारात आलं. बँकेचा कार्यकारी नफा पाच टक्क्यांहून कमी वाढला तर काही नाही. पाच ते दहा टक्के वाढला तर पाच दिवसांचा पगार, दहा ते पंधराला दहा दिवसांचा, त्याच्या वर पंधरा दिवसांचा. पण ते पगाराच्या वर आहे, पगाराच्या जागी नाही. आणि अख्ख्या बँकेच्या नफ्यावर आहे, माझ्या टेबलावरून किती कर्जं गेली त्यावर नाही. कर्ज मंजूर करायचा अधिकार मला नाहीच, तो अधिकाऱ्याचा. मी अर्जदाराचा कागद जसा आहे तसा चढवते. तो चांगला दिसावा असा दबाव माझ्या पगारातून माझ्यावर येत नाही. दबाव इतर मार्गांनी येतो, विमा विका, अमुक खाती उघडा, तो वेगळा विषय. पण आमच्याकडे एक माणूस येतो, गृहकर्जाच्या फायली आणून देणारा एजंट. त्याला फाइलमागे कमिशन. त्याची प्रत्येक फाइल देखणी असते. उत्पन्न नेमकं हवं तेवढं, सगळे कागद नेमके. माझ्या हाताला ती फाइल लागली की मी दोनदा वाचते. माणूस वाईट नाही. त्याची कमाईच तशी बांधलीय.

काका : म्हणजे मी एजंट?

पुतणी : तुम्ही नाही. पण मार्च एंडला नवं-जुनं कोण करतं काका?

इथे मी स्वतः बोलतो, कारण नवं-जुनं म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सहसा ठाऊक नसतं आणि गावातल्या वाचकाला ते इतकं ठाऊक असतं की त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. सभासदाकडे फेडायला पैसे नसतात. मार्च संपत आलेला असतो. मग अडत्याकडून किंवा गावातल्या पैसेवाल्याकडून आठ-दहा दिवसांसाठी उसने घ्यायचे, शेकडा दोन-तीन टाकून. ते सोसायटीत भरायचे. वहीत वसुली लागली. एप्रिल उजाडला की त्याच माणसाच्या नावावर नवीन कर्ज काढायचं आणि उसने पैसे परत करायचे. मुद्दल जिथल्या तिथे राहतं, व्याज आणि वरचा खर्च तेवढा वाढतो. सगळ्या कागदांवर मात्र शंभर टक्के वसुली. चेअरमन खूश, बँकेचा इन्स्पेक्टर खूश, सभासदाला शून्य टक्क्याचा लाभ, सचिवाला पगार. या व्यवहारात प्रत्येकाचा थोडाथोडा फायदा आहे, म्हणून तो बंद होत नाही. पुढे एखाद्या वर्षी दुष्काळ पडतो, उसने मिळेनासे होतात, आणि मग कळतं की त्या माणसाची शेती कितीतरी वर्षांपासून तोट्यात होती. वहीने ते कधी सांगितलंच नाही.

काका : करतो. सगळे करतात. नाही केलं तर तो माणूस थकबाकीदार होतो, त्याला पुढे पैसा मिळत नाही, तो खासगी सावकाराच्या दारात जातो. मी त्याला वाचवतो.

पुतणी : अडत्याला शेकडा तीन देऊन? तोही सावकारच झाला. आणि तुम्ही खरंच त्याला वाचवायला करता, की तुमचा पगार निघावा म्हणून, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. मला तेच म्हणायचंय. दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्यात. पगार वेगळा झाला तर तुम्ही इन्स्पेक्टरला खरं सांगू शकाल. की याची जमीन बुडालीय, याच्या कर्जाची मुदत वाढवून द्या, याला नवं-जुनं करायला लावू नका.

काका : एवढं खरं सांगितलं तर पंच मला ठेवतील का?

पुतणी : ठेवणं न ठेवणं त्यांच्या हातात नसलं तर?

मला वाटतं, काकांना याचं उत्तर देता आलं नाही ते युक्तिवाद संपला म्हणून नाही. त्यांनी नोकरीत इतकी वर्षं तोच प्रश्न उराशी बाळगला होता.

कर्जाचा कागद कोण लिहितो, याची किंमत या प्रदेशाने एकदा मोजलेली आहे. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा सुरू झाला, पुढे तो नगरच्या बाजूला पसरला. लोकांनी मुख्यतः जाळलं ते कर्जरोखे. सावकाराने लिहिलेला, कुणब्याला वाचता न येणारा कागद. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्यात म्हणूनच करार गावच्या निबंधकासमोर लिहून नोंदवण्याची तरतूद करावी लागली. सरकारला तेव्हाच कळलं होतं की लिहिणारा हात देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या मिंधेपणातून मोकळा असला पाहिजे. 1904 च्या कायद्याने सहकारी पतसंस्था आल्या. विकास सोसायटी हा त्याच झाडाचा फाटा.

काका : तेव्हाच्या सोसायट्यांत अनेक ठिकाणी शाळेचे मास्तर चिटणिसाचं काम बघायचे. मानद. एक पैसा घेत नसत. आणि वही कशी चोख!

पुतणी : मास्तरांचा पगार शाळेतून यायचा ना?

काका : (हसून) ते मी लक्षात घेतलं नव्हतं.

पुतणी : पगार शाळेचा, म्हणून सोसायटीत मानद. वसुली बुडाली तरी मास्तरांच्या घरी चूल पेटायची. म्हणून वही चोख.

काका : आणि आमच्यात पूर्वी केडर होतं ते विसरू नकोस. जिल्ह्याचा देखरेख संघ. सगळ्या सोसायट्यांनी वर्गणी भरायची, पगार संघाकडून, बदल्याही संघ करायचा. बाहेरून पगाराचा प्रयोग झालेला आहे. वर्गणीच थकली. चांगल्या सोसायट्या म्हणायला लागल्या, आम्ही का भरायची बुडीत सोसायट्यांच्या सचिवाची? 

पुतणी : कारण वर्गणी पुन्हा सोसायटीच्या गाळ्यातूनच होती. विहीर एकच, फक्त पोहरा लांब नेला. सरकार व्याजाचा परतावा देतंच आहे. त्या परताव्यातला ठरावीक भाग सचिवांच्या वेतनासाठी आधीच वेगळा काढून जिल्ह्याच्या निधीत टाकायचा, सोसायटीच्या हातात येण्याच्या आधी. वसुली किती झाली ते न बघता, सोसायटीने कर्ज किती वाटलं त्यावर.

काका : मग सचिव भरमसाट वाटप करेल. तुझ्या एजंटासारखा.

हा घाव नेमका बसला. पुतणी बराच वेळ काही बोलली नाही आणि मलाही तिच्या वतीने काही सुचलं नाही. कर्ज वाटपावर पैसे बांधा, माणूस वाटत सुटतो. वसुलीवर बांधा, माणूस वसुली रंगवतो. एकच मार्ग उरतो. कामाचा पसारा मोजायचा, म्हणजे सभासद किती, गावं किती, खाती किती, आणि त्यावर पगार. रुपयांवर नाही. माझं मत ठामपणे तिकडे आहे. हा पैसा सरकारलाच द्यावा लागेल, कारण शून्य टक्क्याचं कर्ज आणि कर्जमाफी ही सरकारची धोरणं आहेत आणि ती कागदावर उतरवणारा हात फुकटात वापरण्याचा सरकारला अधिकार नाही.

पुतणी : सभासदांच्या संख्येवर धरा. गावांवर धरा.

काका : ते चालेल. तीन गावांचा पेट्रोलचा भत्ता वेगळा. पण माझी अट सोडणार नाही. नेमणूक जिल्ह्याची असू दे, पगार जिल्ह्याचा असू दे, पण मी काम कसं केलं ते सभासदांनीच सांगायचं. सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सभा होतेच. तिथे माझी वही मोठ्याने वाचायची. कोणाला किती दिलं, कोणाला नाकारलं आणि का. लोकांनी विचारायचं, मी उत्तर द्यायचं. आणि बदली तालुक्याबाहेर नको. गाव ओळखणारा माणूस गेला तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

पुतणी : माझं वाचन कोणी करत नाही. माझ्या टेबलावरून नाकारलेल्या माणसाला का नाकारलं, ते धड कोणी सांगतही नाही. अर्ज "प्रलंबित" दिसतो आणि माणूस चकरा मारत राहतो. पोरगं शिक्षणकर्जाला आलेलं असतं, वडील मजूर, पुण्यात दोन वेळा यायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी. तुमची ही अट आमच्याकडेही लावायला हवी.

काका : लावा ना मग. तुमची संघटना एवढी मोठी आहे. पगारासाठी बसता टेबलाशी, तेव्हा हेही एका ओळीत मागा.

पुतणी : मागू. आधी तुमचं निवेदन लिहू या. संघटनेच्या पुढच्या बैठकीत द्या. पगार किती लिहू?

काका : तलाठ्याची सुरुवात किती म्हणालो होतो?

पुतणी : 25,500.

काका : तेवढेच लिही, जास्त नको. लोकांना पटलं पाहिजे. आणि खाली महागाई भत्त्याची ओळ टाक, दर सहामाहीला का होईना. ती राहिली तर पाच वर्षांत हेही 14 हजारच होतील.